भाऊजींचं कर्ज आता ताईनं फेडायचं का?

मालव्या | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इथं वकील आहेत, बँकेतली माणसं आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

माझे भाऊजी गेल्या महिन्यात हार्ट अटॅकनं गेले. वय अठ्ठेचाळीस. इंदूरच्या सियागंज बाजारात पॅकिंग मटेरियलचं दुकान होतं, एकट्याच्या नावावर. ताई शाळेत शिकवते, भाचा बारावीला आहे आणि भाऊजींची आई त्यांच्याजवळच असते.

देणं असं आहे. राजेंद्रनगरच्या फ्लॅटवर होमलोन. फ्लॅट दोघांच्या नावावर, लोनमध्ये ताई सहकर्जदार. एक पर्सनल लोन फक्त भाऊजींच्या नावावर. एक क्रेडिट कार्ड, त्याचंच ॲड-ऑन कार्ड ताईकडे. दुकानाच्या मालाची तीन-चार व्यापाऱ्यांची उधारी. शिवाय एका ओळखीच्या माणसाकडून व्याजानं घेतलेली रक्कम, त्याच्याजवळ भाऊजींच्या सहीचे कोरे चेक आहेत.

काल पर्सनल लोनच्या वसुलीचा माणूस घरी आला. "मॅडम, आपकी तो सॅलरी है, आप किस्त चालू रखिए, नहीं तो बच्चे को एज्युकेशन लोन नहीं मिलेगा," असं म्हणाला आणि एक छापील कागद ठेवून गेला. कागद माझ्यासमोर आहे. "मैं, स्वर्गीय" याच्यापुढे भाऊजींचं नाव पेननं भरलेलं, मग "की पत्नी, उक्त ऋण की शेष राशि चुकाने का उत्तरदायित्व स्वेच्छा से स्वीकार करती हूँ". खाली सहीची रेघ, दोन साक्षीदारांच्या जागा, आणि तारीख आधीच घातलेली.

ताईनं अजून सही केलेली नाही. पण "एकदाची सही करून मोकळी होते" असं म्हणतेय. आमचे थोरले काका म्हणतात, बायको अर्धांगी, तेव्हा देणंही तिचंच. कायदा खरंच असं म्हणतो का?

निवृत्त_बँकर | सोमवार, रात्री १०.०५

सही नको. बाकीचं उद्या बोलू, पण आज ताईंना फोन करून एवढं सांगा. तो कागद फाडूही नका, जपून ठेवा. "स्वेच्छा से" हा शब्द त्यात उगाच घातलेला नाही. आज ते कर्ज ताईंचं नाही म्हणून तर हा कागद आणला. तिचंच असतं तर सही मागायची गरज काय होती?

काळाकोट | सोमवार, रात्री ११.२०

इंदूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते, म्हणून जरा लांब लिहिते.

नवरा-बायकोच्या नात्यामुळे एकाचं कर्ज दुसऱ्यावर येत नाही. कर्ज गेलेल्या माणसाच्या मालमत्तेवर येतं. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८, कलम ५०: वारसाच्या हातात मयताची जेवढी मालमत्ता आली तेवढ्यापुरतीच त्याची जबाबदारी. समजा भाऊजींच्या मागे चार लाखांची मालमत्ता आहे आणि देणं नऊ लाखांचं. घेणेकऱ्यांना ते चार लाख मिळतील. उरलेल्या पाचासाठी ताईंच्या पगाराला, त्यांच्या स्वतःच्या एफडीला, दागिन्यांना हात लावता येत नाही. लग्नातले आणि नंतर त्यांना मिळालेले दागिने हे त्यांचं स्त्रीधन. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये प्रतिभा राणी खटल्यात ते बाईचं संपूर्ण स्वतःचं धन असल्याचं स्पष्ट केलं आहे. नवऱ्याच्या कर्जात ते जप्त होत नाही.

आता तुमची यादी एकेक करून घेऊ, कारण प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे.

होमलोनमध्ये ताईंनी स्वतः सही केली आहे. इथं त्या कुणाच्या पत्नी म्हणून नव्हे, कर्जदार म्हणून बांधलेल्या आहेत, आणि निम्म्या नव्हे तर पूर्ण रकमेला. हे हप्ते थांबवू नका. नव्वद दिवस थकले की खातं एनपीए, म्हणजे थकीत, ठरतं, मग तारण मालमत्तेवरून वसुलीचा जो सरफेसी कायदा २००२ आहे त्याखाली साठ दिवसांची नोटीस येते आणि त्यानंतर घराचा ताबा. हप्ता झेपत नसेल तर आत्ताच अर्ज करून मुदत वाढवून मागा. नोटीस आल्यावर धावाधाव करण्यात अर्थ नाही.

पर्सनल लोन विनातारण आणि एकट्याचं. बँक फक्त भाऊजींच्या मालमत्तेकडे बघू शकते. त्याच बँकेत त्यांचं बचत खातं असेल तर त्यातली शिल्लक बँक वळती करून घेईल, त्याची तयारी ठेवा.

क्रेडिट कार्डाचंही तेच. ॲड-ऑन कार्डाची जबाबदारी मूळ कार्डधारकाची, असं रिझर्व्ह बँकेच्या कार्डांबद्दलच्या निर्देशांतच आहे. मात्र भाऊजी गेल्यानंतर ताईंनी ते कार्ड एकदाही वापरलेलं नसावं. आजच बंद करायला लेखी कळवा.

घराची वाटणीही समजून घ्या. निम्मा फ्लॅट आधीपासून ताईंचा धरला, तर भाऊजींचा निम्मा हिस्सा हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे तीन सारख्या वाट्यांत जातो: पत्नी, मुलगा आणि आई. आईचा वाटा लोक हमखास विसरतात. भाऊजींच्या देण्याची जबाबदारीही या तिघांवर, ज्याच्या त्याच्या हातात आलेल्या वाट्यापुरतीच.

आणि काकांना हेही सांगा, की मुलाच्याही डोक्यावर बापाचं कर्ज धर्म म्हणून बसत नाही. पूर्वी हिंदू कायद्यात मुलगा-नातू-पणतूवर तसं पवित्र कर्तव्य मानलं जायचं. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं तेही काढून टाकलं.

मालव्या | मंगळवार, सकाळी ७.५०

मनापासून आभार. ताईला रात्रीच फोन केला. कागद आता माझ्याच कपाटात आहे. कोऱ्या चेकांचं तेवढं सांगाल का? ती सगळ्यात जास्त त्यालाच घाबरली आहे. तो माणूस म्हणतो, "चेक बँकेत टाकतो, मग वहिनीला कोर्टाच्या फेऱ्या."

काळाकोट | मंगळवार, दुपारी २.१५

चेक बाउन्सचा फौजदारी गुन्हा चेकवर सही करणाऱ्यावर असतो. सही करणारा गेला की तो गुन्हा कुणाच्या वारशात येत नाही. ताईंवर चेक बाउन्सच्या कलम १३८ ची केस होऊच शकत नाही. खातेदार गेल्याचं बँकेला कळलं की बँक त्याच्या सहीचे चेक वटवत नाही, म्हणून मृत्यूच्या दाखल्याची प्रत देऊन भाऊजींच्या प्रत्येक बँकेला लेखी कळवा आणि पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. "साहेबांना सांगितलंय" याला पोच म्हणत नाहीत.

त्या माणसाला खरंच पैसे येणे असतील तर त्यानं दिवाणी दावा करावा, भाऊजींच्या मालमत्तेविरुद्ध, आणि रक्कम कधी, कशी दिली ते सिद्ध करावं. मध्यप्रदेशात साहूकारीचा धंदा करायला नोंदणी लागते. त्याच्याकडे ती आहे का, हा प्रश्न त्याला नम्रपणे विचारा. बहुतेक वेळा आवाज तिथंच खाली येतो.

नर्मदाकाठ | मंगळवार, सायंकाळी ६.३०

कायदा ठीक आहे, पण एक बाजू राहते आहे. माझी सगळी हयात सियागंज आणि मारोठिया बाजारात गेली. इथं माल जबानीवर उचलला जातो. ज्या व्यापाऱ्यानं तुमच्या भाऊजींना महिना-दीड महिन्याच्या वायद्यानं माल दिला, तो काही बँक नव्हे. त्याचंही घर त्याच पैशावर चालतं. "कायद्यानं बायकोवर येत नाही" म्हणून हात वर केले तर उद्या त्या गल्लीत विधवेच्या मुलाला कोण उधार देईल? देणं ठेवून गेलेल्या माणसाच्या नावाला बोल लागतो. आमच्या वडिलांनी आजोबांची उधारी पै न पै चुकवली होती.

संस्कृतवर्ग | मंगळवार, रात्री ८.१०

नर्मदाकाठ काका, तुमच्या भावनेबद्दल आदर आहे. पण धर्माचा आधार घेऊन बाईवर देणं टाकणाऱ्यांनी धर्मशास्त्र एकदा उघडून पाहावं. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात ऋणादानाचं, म्हणजे कर्जाच्या देण्याघेण्याचं, प्रकरण आहे. तिथं नियम असा, की नवऱ्यानं किंवा मुलानं केलेलं कर्ज स्त्रीनं देऊ नये. ते कुटुंबासाठी काढलेलं असलं तरच गोष्ट वेगळी. पुढं आणखी नेमकं सांगितलं आहे. तिनं तीनच प्रकारचं ऋण द्यावं: जे तिनं स्वतः कबूल केलं, जे नवऱ्याबरोबर मिळून काढलं, आणि जे स्वतःच काढलं. आजच्या भाषेत जामीनदार, सहकर्जदार आणि कर्जदार. काळाकोट ताईंनी काल जे सांगितलं ते साधारण तेच आहे. या स्मृतीवरची मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वरानं कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात लिहिली आणि आपल्या भागातल्या हिंदू कायद्याचा पाया पुढं शतकानुशतकं तीच होती.

उलट बाजूही आहे. गवळी, मद्यविक्रेते, नट, परीट आणि पारधी यांच्या बायकांचं कर्ज मात्र नवऱ्यानं द्यावं, कारण त्या घरांची उपजीविका बायकांवर चालते, असं तिथं कारणासकट दिलं आहे. म्हणजे कर्ज नात्याला चिकटत नाही, ज्याचा व्यवहार आणि ज्याची कमाई त्याला चिकटतं, ही समज आपल्याकडे जुनीच आहे. "अर्धांगी म्हणून अर्धं देणं" हे मला तरी कुठं सापडलं नाही.

नर्मदाकाठ | मंगळवार, रात्री ९.००

हे माहीत नव्हतं. पण "कुटुंबासाठी काढलेलं" हा अपवाद तुम्हीच सांगितलात. दुकान कुटुंबासाठीच चालत होतं ना?

काळाकोट | मंगळवार, रात्री ९.४५

काका, आजच्या कायद्यात तो अपवाद पत्नीच्या खिशाला लागत नाही. पण तुमचा व्यापाऱ्यांबद्दलचा मुद्दा मला पटतो, आणि त्याचं उत्तर कायद्यातच आहे. दुकानातला माल, गल्ला, गिऱ्हाइकांकडून येणं, भाऊजींची गाडी, ही सगळी त्यांची मालमत्ता. त्यातून व्यापाऱ्यांचं देणं जातंच. कुटुंबानं एकच करायचं: त्यातलं काही लपवायचं नाही आणि घाईनं विकून खर्च करायचं नाही. न विकलेला माल ज्याचा त्याला परत देऊन उधारी कमी करून घेणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग. परतीची चिठ्ठी मात्र सहीची घ्या.

मालव्या, याला जोडून एक ताकीद. भाऊजींचं जे काही विकाल, वसूल कराल, त्याचा पैशापैशाचा हिशेब ठेवा. आलेली मालमत्ता कुठं गेली ते वारसाला कोर्टाला पटवून देता आलं नाही, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच कलम ५२ खाली तेवढ्या रकमेपुरतं त्याच्या स्वतःच्या मालमत्तेवर येतं. अंत्यविधीचा खर्च, दवाखान्याचं बिल, खऱ्या घेणेकऱ्याला दिलेली रक्कम हे सगळं पावतीनिशी दाखवता येतं. गाडी विकून त्या पैशात स्वतःसाठी स्कूटी घेतली तर ते दाखवता येत नाही.

आजी_रामबाग | बुधवार, सकाळी १०.३०

बाळा, मी स्वतः या वाटेनं गेले आहे. माझे मिस्टर गेले तेव्हा मुलगी नववीत होती. माणसं घरी यायची, चहा घ्यायची, आणि उठता उठता म्हणायची, "वहिनी, त्यांच्याकडे आमचे थोडे राहिलेत." कुणाचे खरे, कुणाचे नुसते सांगण्यापुरते, मला काय कळणार? माझ्या थोरल्या दिरांनी दारातच एक वही ठेवली. येईल त्यानं नाव, रक्कम, तारीख स्वतःच्या हातानं लिहायची आणि पुरावा जोडायचा. निम्मे लोक वही बघूनच परत गेले. राहिलेल्यांचं देणं आम्ही दुकानाच्या मालातून भागवलं. माझ्या पगाराला मी हात लावला नाही, आणि त्यासाठी मला कुणी वाईट म्हटलं नाही. म्हटलं असतं तरी मुलीचं शिक्षण आधी.

तुझ्या ताईला सांग, या दिवसांत कुणाला हो म्हणू नकोस आणि नाहीही म्हणू नकोस. "भाऊ बघतोय" एवढंच म्हण.

परदेशीपुऱ्याचा | बुधवार, दुपारी १.००

माझा प्रश्न उलटा आहे. माझी बायको दिवाळीच्या आधी गेली. तिच्या नावावर बचत गटातून मायक्रोफायनान्सचं कर्ज होतं. गटातल्या बायका म्हणतात हप्ता तुम्ही भरा, नाहीतर आम्हाला भरावा लागतो. त्यांचं तोंड बघवत नाही. नवऱ्यावर येतं का?

निवृत्त_बँकर | बुधवार, दुपारी ३.२०

दादा, वाईट वाटलं वाचून. नियम दोन्ही बाजूंनी एकच आहे; तुम्ही सही केली नसेल तर तुमच्यावर येत नाही. पण आधी कर्जाचं पासबुक किंवा मंजुरीचं पत्र बघा. मायक्रोफायनान्सच्या कर्जाबरोबर बहुतेक वेळा विमा असतो, कित्येकदा नवरा-बायको दोघांचाही, आणि त्याचा हप्ता कर्ज देतानाच कापलेला असतो. विमा असेल तर उरलेलं कर्ज विमा कंपनी फेडते आणि गटातल्या बायकांवरचा भारही जातो. शाखेत मृत्यूचा दाखला देऊन विम्याबद्दल लेखी विचारा. वसुलीला येणारा मुलगा हे आपणहून सांगेलच असं नाही.

मालव्या, तुम्हालाही हेच सांगायचं होतं. होमलोनचं मंजुरीपत्र काढा. कर्जाच्या रकमेतच विम्याचा एकरकमी हप्ता मिळवलेला असतो आणि घरच्यांना ते आठवतही नाही. मंजूर रक्कम आणि बिल्डरला गेलेली रक्कम यांत तफावत दिसली तर ती बहुधा त्याचीच. दुसरं, भाऊजींच्या बचत खात्याच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापलेले दिसतात का बघा. असतील तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती योजना आहे, दोन लाखांचा विमा. २० रुपयांची नोंद ही अपघात विम्याची, ती हार्ट अटॅकला लागू नाही. तिसरं, एलआयसीच्या पॉलिसीवर विवाहित स्त्री मालमत्ता कायदा १८७४ चा शिक्का किंवा उल्लेख आहे का पाहा. तशी पॉलिसी म्हणजे बायको-मुलांसाठीचा ट्रस्ट. ती मयताच्या मालमत्तेत धरलीच जात नाही आणि घेणेकरी तिथं पोचत नाहीत. मात्र ती पॉलिसी काढतानाच तशी करावी लागते, नंतर नाही. जे वाचत आहेत आणि धंद्यात आहेत त्यांनी हे नीट लक्षात घ्या.

गंधर्वनगरी | बुधवार, सायंकाळी ५.१०

पीएफचं काय? माझ्या मावशीकडून तिच्या मिस्टरांच्या ऑफिसच्या सोसायटीनं पीएफच्या पैशातून त्यांचं कर्ज भरून घेतलं होतं.

निवृत्त_बँकर | बुधवार, सायंकाळी ५.४०

भविष्य निर्वाह निधी कायदा १९५२, कलम १०. सभासद गेल्यावर नॉमिनीला मिळणारी रक्कम त्याच्या कर्जापासून मोकळी असते, कोर्टाच्या हुकुमानंसुद्धा जप्त होत नाही. ग्रॅच्युइटीलाही तसंच संरक्षण आहे, आणि सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनालाही. मावशींनी ती रक्कम स्वतः उचलून दिली असेल तर परत मिळणं अवघड, पण मागण्याचा हक्क कुणालाच नव्हता.

मालवामिल_चौक | बुधवार, रात्री ८.५०

हुकुमचंद मिलच्या कामगारांचं आठवलं. मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि देणी मार्गी लागली डिसेंबर २०२३ मध्ये. सुमारे ४,८०० कामगारांचे २२४ कोटी. तोवर कितीतरी कामगार गेलेले. आमच्या चाळीत एका काकूंना नवऱ्याचे पैसे मिळाल्याचं कळताच एक जण तीस वर्षांपूर्वीच्या उसनवारीची चिठ्ठी घेऊन हजर झाला. काकू लगेच द्यायला निघाल्या होत्या. इतकं जुनं देणं लागू असतं का?

काळाकोट | बुधवार, रात्री ९.३०

उसने पैसे आणि विनातारण कर्जाच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तारण घराच्या पैशासाठी बारा. मुदत गेली की कोर्टात मागता येत नाही. पण इथं सही पुन्हा महत्त्वाची ठरते. मुदत संपायच्या आत लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरून लिहून दिलं की घड्याळ नव्यानं सुरू होतं. मुदत गेल्यावरही "मी देईन" असं सहीनिशी लिहून दिलं तर तो नवा करार ठरतो. वसुलीवाले "मॅडम, फक्त हजार रुपये भरा, फाइल शांत होईल" म्हणतात ते यासाठीच.

दवाखान्यातही हेच घडतं. भरतीच्या वेळी पत्नीकडून "सर्व बिलाची जबाबदारी माझी" अशा फॉर्मवर सही घेतात. ते बिल मग नवऱ्याचं राहत नाही, तिचं स्वतःचं होतं. त्या क्षणी कुणी फॉर्म वाचत बसत नाही, समजतं मला. पण बरोबर गेलेल्या भावानं, दिरानं तरी वाचावा.

ऑस्टिनकर | गुरुवार, सकाळी ६.१५

मी मूळचा स्नेहलतागंजचा, आता टेक्सासमध्ये. इथंही साधारण नियम हाच: गेलेल्या माणसाचं देणं त्याच्या इस्टेटीतून. पण टेक्सास, कॅलिफोर्निया धरून नऊ राज्यांत लग्नानंतरची कमाई आणि बरंचसं कर्ज दोघांचं सामाईक मानतात, तिथं उरलेल्या जोडीदारावर येऊ शकतं. वसुलीवाल्यांना जोडीदाराशी बोलायची मुभा आहे, मात्र "हे तुम्हीच द्यायला बांधलेले आहात" असं खोटं सांगायला बंदी आहे. ज्यांची मुलं इकडे आहेत त्यांनी इंदूरचा नियम इथं लावू नये.

हिशेबवही | गुरुवार, सकाळी ११.००

करसल्लागार म्हणून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण दुकानाचा विषय कुणी काढला नाही. मालव्या, दुकान आता कोण चालवतंय?

मालव्या | गुरुवार, सकाळी ११.२५

जुना नोकर उघडतो, माल जातो, बिलं भाऊजींच्याच जीएसटी नंबरवर निघतात. ताई म्हणते भाच्याची बारावी झाली की तो बघेल.

हिशेबवही | गुरुवार, दुपारी १२.१०

हे आजच थांबवा. केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम ९३ वाचा. धंदा बंद केला तर जुन्या जीएसटीची बाकी मयताच्या मालमत्तेतून, ती पुरेल तेवढीच. पण वारसानं किंवा दुसऱ्या कुणी तो धंदा पुढं चालू ठेवला, तर चालवणाऱ्यावर जुना कर, व्याज आणि दंडसुद्धा येतो, आणि तिथं "मालमत्तेपुरती" ही मर्यादा लिहिलेली नाही. होमलोन सोडलं तर बाकी सगळ्या कर्जांत ताई सुरक्षित आहेत आणि इथं नकळत आत ओढल्या जातील.

आधी भाऊजींची सगळी विवरणपत्रं भरली आहेत का, नोटीस आहे का, ते पोर्टलवर बघा. बाकी किरकोळ असेल आणि दुकान चालवायचंच असेल तर ताईंच्या नावानं नवी नोंदणी घ्या, जुन्या नोंदणीत शिल्लक क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, असेल तर ते नवीवर नेता येतं. बाकी मोठी असेल तर दुकान बंद करून वारस म्हणून नोंदणी रद्द करायचा अर्ज द्या. आयकरही राहील: या वर्षीचं भाऊजींचं विवरणपत्र वारसाला भरावं लागतं, त्यासाठी पोर्टलवर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून नोंद करावी लागते.

नर्मदाकाठ | गुरुवार, दुपारी १२.४०

मालव्या, दुकानाचा स्टॉक मोजायला माणूस लागला तर सांगा. मी येतो. पॅकिंगवाले व्यापारी बरेचसे ओळखीचे आहेत, माल परत घेण्याचं त्यांच्याशी मी बोलू शकेन.

आजी_रामबाग | गुरुवार, दुपारी १.१५

हे फार बरं केलंत भाऊ.

मालव्या | दोन आठवड्यांनंतर, रविवार, रात्री ९.१५

जे झालं ते लिहितो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

पर्सनल लोनच्या बँकेला पत्र दिलं: खातेदाराचं निधन झालं आहे, पत्नी सहकर्जदार किंवा जामीनदार नाही, येणं असेल तर मालमत्तेविरुद्ध लेखी दावा द्या, आणि यापुढं घरी माणूस पाठवू नका. सोबत मृत्यूचा दाखला आणि त्या छापील कागदाची झेरॉक्स. शाखेत पोच द्यायला टाळाटाळ झाली, तेव्हा रजिस्टर पोस्टानं पाठवलं. फोन तरीही येत होते, एक तर रात्री साडेआठला. वसुलीचे फोन सकाळी आठ ते सायंकाळी सातमध्येच, हा रिझर्व्ह बँकेचा नियम निवृत्त_बँकर काकांनी फोनवर सांगितला होता. बँकेकडे लेखी तक्रार केली आणि तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ असं त्यात लिहिलं. तेव्हापासून फोन आलेला नाही.

पासबुकात ४३६ ची नोंद सापडली. अर्ज दिला आहे. होमलोनला विमा निघाला, पण पूर्ण कर्जाचा नाही, दर वर्षी कमी होत जाणारा. तरी मोठा भाग फिटेल. उरलेल्याचा हप्ता ताईच्या पगारात बसतो.

नर्मदाकाठ काका दोन दिवस सियागंजात आमच्याबरोबर स्टॉक मोजत बसले. दोन व्यापाऱ्यांनी माल परत घेतला, एकानं उरलेलं सोडून दिलं. जीएसटीची बाकी फार नव्हती, पण दुकान बंदच करायचं ठरलं. ताईचं मन त्यात नव्हतं आणि भाच्याला इंजिनिअरिंग करायचं आहे.

आता प्रश्न येण्याचा. गिऱ्हाइकांकडून भाऊजींचं बरंच येणं आहे. दोघं-तिघं म्हणतात, "कागद दाखवा की पैसे घ्यायचा हक्क तुम्हालाच आहे."

काळाकोट | रविवार, रात्री १०.००

ते बरोबर म्हणतात. त्यासाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र लागतं. जिल्हा न्यायालयात अर्ज, वर्तमानपत्रात नोटीस, हरकत नसेल तर काही महिन्यांत मिळतं. अर्जात ताई, भाचा आणि सासूबाई, तिघांची नावं वारस म्हणून घाला आणि येण्याची यादी बिलांसकट जोडा. वसूल झालेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. त्यातून आधी घेणेकरी, उरेल ते तिघांचं.

वकिलाच्या खर्चाची काळजी नको. विधिक सेवा कायदा १९८७ प्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचा पगार कितीही असो. जिल्हा न्यायालयातच विधिक सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, नाहीतर १५१०० वर फोन करा. पर्सनल लोनचं प्रकरण लोकअदालतीत नेऊन मालमत्तेतून जमेल त्या रकमेवर मिटवता येईल, तेव्हा बँकेकडून पूर्ण आणि अंतिम असं बेबाकीपत्र, म्हणजे आता काही येणं उरलं नाही असं पत्र, घ्या. त्यात ताईंचं नाव देणेकरी म्हणून कुठंही येणार नाही, हे सही करण्याआधी बघा.

मालव्या | रविवार, रात्री १०.१०

उद्या अर्जाची कागदं घेऊन येतो. सासूबाईंचं आधार आणि भाच्याचा जन्मदाखला लागेल ना?

काळाकोट | रविवार, रात्री १०.१५

दोन्ही आणा, आणि मृत्यूच्या दाखल्याची मूळ प्रत. अकरानंतर या, सकाळी मी कोर्टात असते.